झाकणं वाजली नाहीत

थोरले पंचांगावरसुद्धा विश्वास ठेवत नसत. सासूबाईंनी सांगितलं की आज अमावास्या, तर ते जेवण झाल्यावर अंगणात जायचे, मान वर करून सगळं आभाळ नीट बघायचे आणि आत येऊन म्हणायचे, "असंल." ढग असले तर तेवढंही म्हणायचे नाहीत. त्यांची अमावास्या मग दुसऱ्या दिवशी व्हायची.

थोरले म्हणजे माझे मोठे दीर. घरात आणि गावात सगळे त्यांना थोरलेच म्हणत. त्यांची बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ नव्हतं. पुन्हा लग्नाचं कोणी काढलं की म्हणायचे, "दुसरी कशी निगंल, कुनी सांगावं?" आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, मुंबई-पुण्याच्या रस्त्यापासून थोडं आत. घरात सासूबाई, थोरले, आम्ही नवराबायको आणि आमची मंदा. माझे यजमान खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचे. थोरल्यांचा टेंपो होता. आसपासच्या गावांचं दूध गोळा करून ते खोपोलीच्या दूध केंद्रावर पोचवत.

मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्यांनी सांगितलं होतं, मुलगी चौथी झालेली आहे. थोरल्यांना ते खरं वाटेना. एका सकाळी त्यांनी औषधाची बाटली सासूबाईंपुढे ठेवली. "आये, हिची चौथी झालीया म्हनतात. हितं काय लिवलंय ते वाचून दाखवाया सांग." मी पदर पुढे ओढून हळूच वाचलं, जेवणानंतर दोन चमचे, बाटली हलवून घ्यावी. थोरले बाटली घेऊन शाळेत गेले, मास्तरांकडून वाचून घेतली आणि परत येऊन सासूबाईंना म्हणाले, "बरोबर वाचलं." त्या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. तीही सासूबाईंच्या हाती.

कारण थोरले माझ्याशी बोलत नसत आणि मी त्यांच्याशी. आमच्याकडे तशीच रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही. काही हवं असलं तर ते भिंतीला विचारायचे, "आज आमटीत मीठ हाय का?" मी चुलीपुढूनच मंदाला सांगायची, "मंदा, मिठाची बरणी नेऊन दे गं." मंदा बोलायला लागायच्या आधी हे काम मांजराकडे होतं. सासूबाई हसायच्या. "बिचारी मांजर, दोघांच्या मधी पार शिकून गेली," म्हणायच्या. मला मात्र ही रीत अवघड गेली नाही. माझा मुळातच आवाज निघत नसे. बोलायचं टाळायला रीत सापडली, याचं मला बरंच वाटायचं.

टेंपो चालवण्यातही थोरल्यांचा संशय त्यांच्या शेजारी बसलेला असायचा. वेग दाखवणारा काटा एकदा त्यांना खोटं बोलताना सापडला, असं त्यांचं म्हणणं. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच दाबाने गाडी चालवली आणि काटा काल इथे होता, आज तिथे. त्यांनी खाली वाकून त्याची तारच काढून टाकली. "खोटं बोलनाऱ्याला गाडीत कशाला बशिवायचं?" मग ते वेग कानाने ओळखायला लागले. दुधाच्या कॅनची झाकणं साखळीने बांधलेली असतात. कॅन रिकामे असले की टेंपो एका चालीपर्यंत गप्प राही. त्याच्या वर गेला की झाकणं वाजायला लागत. ती वाजली की थोरल्यांचा पाय आपोआप वर येई.

त्यामुळे त्यांचा टेंपो फार हळू चाले. गावातली पोरं त्याला गोगलगाय म्हणत. पण बाळंतपणाची बाई दवाखान्यात न्यायची असली, नवऱ्या मुलीची पाठवणी असली, कोणाची कंबर मोडली असली, तर लोक थोरल्यांनाच हाक मारत. थोरले म्हणत, "घाई त्याला असतीया, ज्याला वाट ठावी नसती." आणि गाडीत बसलेल्या बाईच्या पोटातलं पाणी हलत नसे. दूध केंद्राचा व्यवस्थापकही त्याचमुळे खूश होता. त्याचा नियमच होता की, ज्याच्या परवान्यावर पोलिसांचा शेरा पडेल त्याचा टेंपो बंद. थोरल्यांच्या परवान्यावर एक ठिपकाही नव्हता.

मग ते मंदाचं झालं.

दुपारची वेळ होती. सकाळची फेरी करून थोरले पडवीत झोपले होते. रिकामे कॅन मी रोज ते उठल्यावर उतरवायची, कारण झोपेत झाकणांचा आवाज त्यांना खपत नसे. त्या दिवशी पाणी लवकर तापलं, म्हणून मी आवाज न करता एकेक कॅन उतरवून मागच्या दारी धुवायला नेले. मंदा मला लाकडं आणून देत होती. लाकडांच्या ढिगात तिने हात घातला आणि किंचाळली. लाल विंचू होता.

थोडा वेळ ती नुसती रडली. मग रडणं थांबलं आणि तिला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, हात गार पडले. सासूबाई ओरडल्या, "अरं उठ रं, पोरगी चालली!" थोरले गंजीफ्रॉकवरच धावत आले. टेंपोच्या मागे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पुढे चढून किल्ली फिरवली आणि माझ्या कडेवरच्या मंदाला म्हणाले, "मंदे, आईला सांग, चढ." पोरीचे डोळे फिरत होते, तरी निरोप तिच्याच हाती.

मी तिला मांडीवर घेऊन बसले. मोठ्या रस्त्याला लागलो. बाहेरचं मला फारसं आठवत नाही, पण दोन गोष्टी आठवतात. एक पांढरी मोटार आम्हाला ओलांडून गेली. आणि त्यानंतर आम्ही एका एसटीला मागे टाकलं. थोरल्यांनी एसटीला मागे टाकलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी बघत राहिले. त्यांनी एसटीकडे बघितलंही नाही. ते समोर बघत होते आणि ओठ हलवत होते.

खोपोलीच्या दवाखान्यात मंदाला सुई दिली, सलाईन लावलं. संध्याकाळी तिने पाणी मागितलं तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला. थोरले कपडे आणि डबा आणायला एकटेच घरी निघाले. वाटेत, झाडाखाली जीप लावून उभ्या असलेल्या पोलिसांनी त्यांना थांबवलं. तिथे तीन पायांच्या तिकाटण्यावर एक पेटी होती. रडार म्हणतात ते. आमच्या भागात ते तेव्हा नवीनच आलं होतं. हवालदार म्हणाला, जाताना तुमचा टेंपो बासष्टच्या वेगाने गेला, इथे चाळीसची मर्यादा आहे, हात केला तरी थांबला नाहीत. हातात कागद दिला. गुन्हा कबूल असेल तर दंड भरा, नसेल तर अमुक तारखेला खालापूरच्या कोर्टात हजर राहा.

विंचवाचं त्यांनी हवालदाराला सांगितलंच नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "त्याला कशाला सांगू? म्हनला असता, दाखव इंचू."

दुसऱ्या दिवशी आम्ही मंदाला घरी आणलं. थोरले पडवीत कागद मांडीवर घेऊन बसले होते. "बासष्ट!" ते भिंतीला म्हणाले. "ह्या टेंपोला बासष्ट? म्हशीला पंख फुटलं का काय?" मग एकेकाची पाळी आली. आधी पेटीचा संशय. ती परदेशात बनलेली, तिला आपल्या गाड्या काय कळणार? मग हवालदाराचा. त्याला कोणी तरी सांगून ठेवलं असणार. मग गावातल्याच दुसऱ्या टेंपोवाल्याचा, ज्याला दुधाची फेरी हवी होती. शेवटी ती पांढरी मोटार आठवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मोटार ग्येली जोरात, आन पेटीनं नाव लावलं माज्या टेंपोला!"

यजमान म्हणाले, "दादा, दंड भर आणि मोकळा हो."

"आन शेरा? केंद्राची फेरी तू करशील काय रं, पाळी संपल्यावर?"

नुसत्या संशयावर थांबणारे ते नव्हते. पेटीची परीक्षा घ्यायला ते सायकल काढून गेले. जीप त्याच झाडाखाली होती. थोरले तिच्यासमोरून सायकलवर गेले, परत आले, पुन्हा गेले. हे मला नंतर सासूबाईंनी सांगितलं, आणि त्यांना खुद्द थोरल्यांनी. हवालदार आधी बघत राहिला, मग म्हणाला, "काका, काय हरवलंय का?"

"तुमची पेटी खरं बोलती का बगतोय. माजी सायकल किती दावते?"

हवालदार हसला आणि वाकून बघून म्हणाला, "अकरा."

"अकराच कशावरनं? बारा का नाय?"

"बारा हवे असतील तर जरा जोरात मारा की पायडल."

थोरल्यांनी जोर लावला. पेटीने तेरा दाखवले. मग मुद्दाम हळू गेले, तर सात. घरी आले ते घामाघूम होऊन. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनती पेटी?" थोरले म्हणाले, "सायकलच्या बाबतीत खरं बोलती. टेंपोचं अजून कळलं नाय."

मग ते खालापूरला वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, पांढऱ्या मोटारीचं कोर्ट ऐकेल, नाही ऐकेल, तुमच्याकडे पुरावा काय? थोरल्यांच्या मनात पुरावा तयार होता. संध्याकाळी आल्यावर त्यांनी तो सासूबाईंना ऐकवला. मी आत भाकरी थापत होते.

"आये, झाकनं वाजली नायत! चाळीसच्या वर गेलो असतो तर झाकनं वाजली नसती का? माजा कान खोटा बोलत नाय. सगळ्या वाटंनं एक झाकान वाजलं नाय. वकील म्हनतो, मंग साक्षीदार आना. गाडीत कोन व्हतं? मी म्हनलं, धाकट्याची बायको. म्हनला, तिला उबी करा. येवडंच म्हनायचं तिनं, झाकनं वाजली नायत."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. एक तर कोर्टात उभं राहायचं, इतक्या पुरुषांपुढे. मी तर दुकानातही बोटाने दाखवून जिन्नस घ्यायची. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. झाकणं वाजली नाहीत, कारण कॅन टेंपोत नव्हतेच. ते मागच्या दारी कट्ट्यावर होते. आम्ही दवाखान्यात असताना सासूबाईंनी ते धुऊन पालथे घातले, रोज असतात तसेच. थोरल्यांना रोज तिथे दिसणारे कॅन तिथेच दिसले. रात्री आईने टेंपोतून उतरवले असतील असं त्यांना वाटलं असावं, संशय आला नाही. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या माणसाने तेवढं एक धरून ठेवलं होतं, आणि नेमकं तेच मागच्या दारी वाळत होतं.

मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मग बरंच की. तुला खोटं बोलायचंच नाही. झाकणं वाजली नाहीत एवढं म्हण आणि खाली उतर. दादाची फेरी राहील." ते बरोबरच बोलत होते. ते वाक्य खरं होतं. पुढचे कितीतरी दिवस मी ते भांडी घासताना, गोठा झाडताना म्हणून बघितलं. झाकणं वाजली नाहीत. झाकणं वाजली नाहीत. आणि मग वाटायचं, कोर्टातल्या साहेबांनी विचारलं, बाई, कॅन किती होते, तर? आणि त्याहून, थोरल्यांनीच नंतर कधी विचारलं तर? माझी चौथी मास्तरांकडून तपासून आणणाऱ्या माणसाने या वेळी काहीच तपासलं नव्हतं.

तारखेच्या सकाळी थोरल्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. रिकामे कॅन त्यांनी स्वतः टेंपोत चढवले. साहेबांनी म्हटलं तर कोर्टाबाहेर टेंपो पळवून झाकणं ऐकवायची, असा त्यांचा बेत. मग ते विहिरीवर पाय धुवायला गेले. सासूबाई लुगडं बदलत होत्या.

मी टेंपोपाशी गेले आणि कॅन उतरवायला लागले. आवाज न करता, एकेक, त्या दिवशीसारखेच. सगळे मागच्या कट्ट्यावर नेऊन मांडले. थोरले परत आले, रिकामा टेंपो बघितला, मागच्या दारी आले आणि भिंतीला म्हणाले, "हे कुनी उतरवलं?"

मंदा ओसरीत होती. मी तिला हाक मारू शकले असते. पण हे सांगायला पोरीला कसं उभं करायचं? मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी असेच होते."

ते माझ्याकडे वळले नाहीत. भिंतीकडेच बघत राहिले, जणू भिंतच बोलली.

"म्हंजी?"

"तुम्ही झोपला होता. मी आधीच उतरवले होते. टेंपोत एकही कॅन नव्हता." आवाज माझाच होता, पण मला दुसऱ्या कोणाचा वाटला. "आणि आपण एसटीला मागं टाकलं."

"एष्टीला?"

"हो."

थोरले कट्ट्याजवळ उकिडवे बसले. एका कॅनचं झाकण उचललं, सोडलं. ते वाजलं. मग आत बघून ओरडले, "आये! पोरीला इंचू चावला तवा कॅन कुटं व्हतं?"

"कुटं म्हंजी? मागच्या दारी! मीच नाय का धुतलं? हिनं अर्ध्यात टाकलं व्हतं!" सासूबाई आतून म्हणाल्या. "का रं?"

"काय नाय," थोरले म्हणाले. मग उठून, पुन्हा भिंतीलाच, पण हळू आवाजात म्हणाले, "बरं केलं."

कोर्टात आम्ही गेलोच, कारण तारीख होती. सासूबाई आणि मी मागच्या बाकावर बसलो. वकील कागद चाळत होता. साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल?"

"कबूल," थोरले म्हणाले. वकिलाने मान वर केली.

साहेब म्हणाले, "मग इतके दिवस कबूल का नव्हता?"

"ऐकलं नाय, सायेब. ज्याच्यावरनं ऐकायचं, ते घरी वाळत व्हतं."

लोक हसले. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "एवढी घाई कसली होती?"

आता सांगतील, मला वाटलं. विंचवाचं सांगितलं तर साहेब कदाचित सोडूनही देतील. थोरल्यांनी टोपी हातात घेतली होती, ती एकदा फिरवली आणि म्हणाले, "रस्ता मोकळा व्हता."

बाहेर आल्यावर सासूबाई तडकल्या. "अरं, पोरीचं सांगायचं नाय का? तोंड शिवलं व्हतं का तुजं?"

"उद्या कुनी म्हनंल, पोरीच्या नावावर सुटला. पोरीचं नाव कोर्टात कशाला?" असं म्हणून ते टेंपोत चढले. परत येताना टेंपो इतका हळू चालला की, एक बैलगाडीवाला मागून ओरडला, "वो, बाजूला घ्या की!"

दुधाची फेरी गेली. व्यवस्थापकाला वाईट वाटलं, पण नियम त्याचाच होता. थोरले मग भाताच्या गिरणीचा माल वाहायला लागले. पोत्यांना झाकणं नसतात. त्यांनी काट्याची तार पुन्हा बसवून घेतली. तरी एक जुना कॅन झाकणासकट टेंपोच्या मागच्या कोपऱ्यात बांधून ठेवला. का, असं यजमानांनी विचारलं तर म्हणाले, "काटा आन झाकान एकमेकांवर नजर ठेवतील. मला दोघांचाबी भरवसा नाय. माज्या कानाचा तर मुळीच नाय."

माझ्याशी ते त्यानंतरही बोलत नसत आणि मीही नाही. भिंत होती, मंदा होती. पण एक बदल झाला. गाय विकायची, छपराची कौलं बदलायची, असं काही घरात निघालं की थोरले सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, सगळ्यांवर संशय घ्यायचे आणि शेवटी भिंतीला विचारायचे, "आन मंदेच्या आईचं काय म्हननं?" मी मंदाला सांगायची, मंदा त्यांना सांगायची. मग ते म्हणायचे, "असंल." इतरांना तो शब्द खोचक वाटे. मला वाटत नसे.

त्यानंतर काही वर्षांनी थोरले आजारी पडले. तोवर सासूबाई गेल्या होत्या. एका सकाळी त्यांना छातीत कळ आली आणि उठता येईना. टेंपो दाराशी उभा, पण चालवणार कोण? शेजारच्यांची जीप आणली. यजमान पुढे बसले. मागे थोरल्यांना गोधडीवर आडवं केलं आणि त्यांच्या उशाशी मी बसले. मंदा शाळेत होती. जीपमध्ये भिंत नव्हती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी डोळे उघडले. आधी कान दिला, मला कळलं. जीपमध्ये वाजणारं काही नव्हतं.

"मंदेच्या आये," ते म्हणाले. मला. "जोरात हाय का गाडी?"

"हाय, भाऊजी."

जरा वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "त्या दिशी व्हती, तितकी?"

मी बाहेर बघितलं. झाडं पळत होती. पुढे एक एसटी चालली होती आणि ती पुढेच राहिली.

"नाय," मी म्हटलं. "तितकी नाय."

त्यांनी डोळे मिटले. मान वळवून बाहेर बघता आलं असतं, खिडकी हाताएवढ्या अंतरावर होती. त्यांनी बघितलं नाही.